पाठदुखी लिहिणार नाही

गोव्यातल्या सर्वण गावचा गौरेश बारा वर्षं अग्निशमन दलात आहे. डिचोलीकडच्या बंद खाणींच्या खंदकांत पाणी साचतं, त्यात माणसं बुडतात, आणि मग कमरेला दोर बांधून हाच खाली उतरतो. मे महिन्यात त्याने एका बाईला मनगट धरून वर ओढलं. बांगडी त्याच्या मुठीत फुटली. बाई आधीच गेलेली होती. तेव्हापासून घरात बांगडी वाजली की ह्याचा हात थरथरायचा, आणि झोपेचं तर खोबरंच झालं.

बायकोने, सेजलने, कुणाला न विचारता बांगड्या काढून फडताळात ठेवल्या. सासू देवकीने तिचं ओकं मनगट पाहिलं मात्र, घर डोक्यावर घेतलं. नवरा धडधाकट असताना ही अवदसा? गावचा राखणदार देवचार कोपला, असं ठरूनही गेलं.

अग्निशमन केंद्रातल्या साहेबांची वेगळीच तऱ्हा. "रजा घे हवी तेवढी, पण अर्जात पाठदुखी लिही. डोक्याच्या डॉक्टरचं नाव कागदावर आलं की तुला पाण्यात कोण सोडणार?" पाण्यात उतरणं हाच गौरेशचा जीव. अर्ज न लिहिताच तो घरी आला.

रविवारी सकाळी देवचाराच्या झाडाखाली जाड भाकरीचा रोट आणि विडी ठेवून गावचे मानकरी बाबलीकाका यांनी गाऱ्हाणं घातलं. "जो कोण ह्या झिलाक पीडता, त्येका दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

गौरेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, थांबा. देवचारान माझा कायएक केलेला नाय. पाण्यातली चौदा मडी काढलंय मी. माका झोप नाय, भय वाटता. मी डॉक्टराक दाखवतलंय आणि कागदार तसाच लिहितलंय. ज्येका लाज वाटता, त्येणा फुडच्या वेळाक दोर बांधून खाली उतरूचा."

काकांनी पुन्हा हात जोडले. "आयकलंस मा रे म्हाराजा? ह्येका डॉक्टराकडे सुखरूप पोचव."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी देवकीचाही आवाज त्यात होता.

सोमवारी अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला: 'मृतदेह काढून मनावर आघात. उपचारासाठी रजा.' साहेब म्हणाले, हे खोडून टाक. गौरेशने पेन खिशात घातलं. बंबाचा ड्रायव्हर दत्तप्रसाद मागेच उभा होता. त्याने आपलाही अर्ज वर ठेवला, आणि त्यातही पाठदुखी नव्हती.

आज उपचारांना पाच महिने झाले. पाण्यात उतरायची परवानगी अजून नाही, आणि ते त्याला झोंबतं. पण काल त्याने स्वतः फडताळ उघडलं आणि सेजलच्या हातात पहिली बांगडी चढवली. हात थरथरला.

"ऱ्हवांदे," सेजल म्हणाली.

"थरथरांदे," तो म्हणाला, आणि दुसरी उचलली.