डावं दार

आमच्या गाडीचं डावं दार पहिल्यांदा उघडलं ते कावळा नाक्यावर उजवीकडे वळताना. आई पुढे बसली होती. तिने डॅशबोर्ड धरला म्हणून ती आत राहिली; मांडीवरची पिशवी मात्र बाहेर गेली आणि वांगी रस्त्यावर पसरली. वडिलांनी गाडी कडेला घेतली आणि उतरून एकेक वांगं गोळा करू लागले. मागून आलेला एक रिक्षावाला थांबून ओरडला, "पावणं, बाजार हितंच मांडताय व्हय?" आई घरी पोचेपर्यंत हसत होती. मी मागच्या सीटवर होतो. मीही हसलो. ही नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराची गोष्ट.

गाडी माझ्याहून वयाने थोडी मोठी होती, साठच्या दशकातली. गोल दिवे, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढची सीट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तिची पुढची दारं उलटी होती, म्हणजे बिजागऱ्या मागे आणि कडी पुढे. चालत्या गाडीत असं दार बोटभर जरी सुटलं, तरी समोरचा वारा त्यात शिरतो आणि ते उरलेलं स्वतःच उघडतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वडिलांना माहीत होतं.

वडिलांचं आयुष्य फौंड्रीत साचे बनवण्यात गेलं होतं. वस्तू हातात घेऊन वजनावरून तिची किंमत करायची त्यांची सवय होती. नव्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या तेव्हा ते त्यांना पत्र्याच्या डब्या म्हणत. घरी पाहुणे आले की त्यांना बाहेर नेऊन बॉनेटवर बोटांची पेरं वाजवून दाखवत. "आवाज ऐका. ह्याला म्हणायचं लोखंड. टरकाला धडकली तर टरक माघारी जाईल." पाहुणे माना डोलवत. गल्लीतल्या तीन-चार वराती या गाडीतून निघाल्या होत्या. तिच्यात बसलेल्या माणसाला काही होऊ शकतं, असं आमच्या घरात कुणाला वाटत नव्हतं.

वांग्यांच्या प्रसंगानंतर वडिलांनी कडी बदलली. ती चार महिने टिकली. मग त्यांनी कडी जिथे अडकते ती पट्टी स्वतः लेथवर करून आणली. ती सहा महिने टिकली. त्यानंतर एक व्यवस्था तयार झाली. ती कुणी ठरवली असं नाही. उजवं वळण आलं की वडील आधी म्हणायचे, "दार!" आई डाव्या हाताने दार आत ओढून धरायची आणि म्हणायची, "हाय माझा हात." मग गाडी वळायची. डाव्या वळणाला काही म्हणावं लागत नसे, कारण तेव्हा शरीराचा भार आत येतो.

दार धरायला आतून नीट जागा नव्हती. वडिलांनी ओळखीच्या चपला शिवणाऱ्याकडून दुहेरी कातड्याचा एक पट्टा शिवून घेतला आणि दाराच्या आतल्या अंगाला दोन बोल्टांनी बसवला. काम देखणं होतं. टाके सारखे, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. आईने हात घालून पाहिला आणि म्हणाली, "आता बरं झालं. इतके दिस निसतं नखानं धरून बसत हुते." पट्टा इतका चांगला झाला की त्यानंतर कित्येक महिने दाराच्या दुरुस्तीचा विषयच निघाला नाही.

विषय काढायचे ते मिस्त्री. उद्यमनगरात त्यांचं गॅरेज होतं, आणि वडिलांशी, म्हणजे त्यांच्या आप्पांशी, तरुणपणापासूनची दोस्ती. एकदा मी गाडी घेऊन गेलो असताना त्यांनी डाव्या खांबाच्या तळाशी, जिथे दाराची कडी अडकते तिथे, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं. ते पत्र्यात अर्धा इंच आत गेलं. वरून रंग शाबूत होता, आत गंज आणि भोकं बुजवायला भरलेली लांबी.

"कडीचा दोष न्हाई," मिस्त्री म्हणाले. "भित पडाय लागलीया, कडी बदलून काय व्हनार? आप्पांस्नी सांग, गाडी दोन दिस सोडा माझ्याकडं. खांब कापून नवा पत्रा घालतो."

मी त्यांना सीटचे पट्टे बसवता येतील का, हेही विचारलं.

"बसवतो की. पर बांदू कशाला? तळ बी असलाच हाय. पट्टा गळ्यात घिऊन मानूस सीटसकट जाईल."

घरी येऊन मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. पट्ट्यांवर वडील म्हणाले, "पट्टे कशाला? इमान हाय व्हय ते?" खांबाबद्दल मात्र त्यांनी वाद घातला नाही. "जत्रा झाली की सोडतो," म्हणाले. जत्रा झाली. मग बहिणीचं बाळंतपण आलं, मग चुलतभावाचं लग्न, मग दसरा. दोन दिवस गाडीविना राहायचं दर वेळी पुढे ढकललं गेलं. मीही पुन्हा दोनदाच विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

खंडेनवमीला गाडी धुऊन तिची पूजा व्हायची. आई चाकांना, बॉनेटला हळदकुंकू लावायची आणि शेवटी डाव्या दाराला. "हिला दोन बोटं जास्त लावते," ती म्हणायची. "लई वढ हाय हिला भायेर जायाची." वडील म्हणायचे, "तुझ्यावर गेलीया." हे दर वर्षी बोललं जायचं.

मी त्या वर्षांत एका दैनिकात काम करत होतो. तालुक्याचे वार्ताहर दुपारनंतर फोनवर बातम्या सांगत, मी लिहून घेई. अपघाताच्या बातमीचा क्रम ठरलेला होता: ठिकाण, वाहन, मृत, जखमी, कारण. हातकणंगल्याजवळ ट्रॉली उलटली, उचगावच्या वळणावर जीप घसरली. सीटमागे पैसे घेऊन माणसं भरणाऱ्या वडापच्या जीपमागे माणसं लोंबकळत जातात, यावर मी एक लेख लिहिला होता. तो बरा झाला होता. दोघा-तिघांनी तसं सांगितलं. लेख छापून आला त्या रविवारी आम्ही सगळे गाडीतून बहिणीकडे गेलो. वाठारच्या फाट्यावर वडील म्हणाले, "दार!" आई म्हणाली, "हाय माझा हात."

बहीण पेठ वडगावला दिली होती. तिची मुलगी तीन वर्षांची असताना आठ दिवस आमच्याकडे राहायला आली. तिला परत पोचवायला आम्ही एका सकाळी निघालो. वडील चालवत होते, आई त्यांच्या शेजारी, मी मागे, आणि मुलगी माझ्या मांडीवर. पंचगंगेच्या पुलावर तिने आजीकडे जायचा हट्ट धरला. मी खिडकीतून नदी दाखवली, मग रुमालाचा उंदीर करून दाखवला. तिला ते नको होतं.

आई मागे वळून म्हणाली, "दे की तिला हिकडं. किती रडवतोस?"

मी तिला उचलून पुढच्या सीटवरून आईच्या हातात दिलं. ती लगेच गप्प झाली. मी वर्तमानपत्र उघडलं.

त्याआधी मुलगी पुढे कधीच बसली नव्हती. असा नियम कुणी केला नव्हता. पण आईचा डावा हात वळणाला लागतो, हे आम्हाला इतकं ठाऊक होतं की मूल आपोआप मागे जायचं. त्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं नाही.

फाट्याच्या अलीकडे वडिलांनी गाडी सावकाश केली. समोरून एक एस.टी. येत होती, ती जाऊ दिली. मग म्हणाले, "दार!"

आई म्हणाली, "हाय माझा हात."

मी वर पाहिलं. आईचे दोन्ही हात मुलीभोवती होते. मुलगी झोपली होती आणि तिचं डोकं आईच्या डाव्या दंडावर होतं. आई मुलीकडे बघत होती. शब्द सवयीने आले होते. वडिलांनी नेहमीप्रमाणे ते ऐकले आणि चाक फिरवलं.

यात किती वेळ गेला हे मी पुढे अनेकदा मोजून पाहिलं आहे. तीन सेकंद, फार तर चार. "थांबा" म्हणायला ते पुरतात.

गाडीला वेग नव्हता. दुसरं वाहन लागलं नाही. दार उघडलं, वाऱ्याने ते मागे नेलं आणि आई मुलीसह बाहेर गेली. पडताना तिने मुलगी सोडली नाही. ती पाठीवर पडली आणि डोकं डांबरावर आपटलं. मुलगी तिच्या छातीवर होती. मुलीचं कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही. फाट्यावरचा चहावाला पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. आईला आम्ही त्याच गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं आणि कोल्हापूरला परत नेलं. डावं दार मी मागून हात घालून, कातडी पट्ट्याला धरून बसलो. दुपारी दवाखान्यात ती गेली.

संध्याकाळी ऑफिसातला सहकारी भेटायला आला. तो संकोचला होता. चार ओळींची बातमी त्याने लिहून आणली होती आणि काही चुकू नये म्हणून मला वाचून दाखवली. ठिकाण बरोबर होतं. आईचं वय अठ्ठावन्न लिहिलं होतं. मी छप्पन्न कर असं सांगितलं. शेवटची ओळ होती: चालत्या गाडीचे दार अचानक उघडल्याने हा अपघात झाला. मी ती ऐकली आणि मान हलवली.

राख सावडून आल्यावर वडील सोप्यात बसले होते. तीन दिवसांची वर्तमानपत्रं तशीच पडली होती. त्यांनी त्यातलं एक काढलं, चष्मा लावला आणि ती बातमी वाचली. त्यांना वाचायला वेळ लागत असे.

"अचानक कुनी लिवलं?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसातनं."

"तुला दावलं न्हवतं?"

"वाचून दाखवलं होतं."

त्यांनी कागदाची घडी केली आणि बाजूला ठेवली.  ते उठून आत गेले.

दिवसकार्य झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते एकटे गाडी घेऊन उद्यमनगरात गेले. मिस्त्रींनीच पुढे मला हे सांगितलं. वडील गॅरेजात उभे राहून म्हणाले, "घे. आता दोन दिस ठेव." मिस्त्री म्हणाले, "आता कशाला, आप्पा?"  वडील स्टुलावर बसले आणि काम संपेपर्यंत बसून राहिले. मिस्त्रींनी खांब खालून कापला, नवा पत्रा घातला, कडी सरळ रेषेत आणली. काम दीड दिवसात झालं. "पट्टा काढू?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

त्यानंतर ते दार घट्ट बसायचं. लावल्यावर एकच जड आवाज व्हायचा, दुसऱ्यांदा ढकलावं लागत नसे. वडिलांनी गाडी घरासमोर उभी केली आणि पुन्हा चालवली नाही. अधूनमधून सकाळी ते बाहेर जाऊन डावं दार उघडत आणि लावत. घरात आम्हाला तो आवाज यायचा. काही वर्षांनी टायर जमिनीला टेकले, तेव्हा उचगावचा एक भंगारवाला गाडी घेऊन गेला. तिच्यातलं लोखंड खरंच जाड आहे, असं तोही म्हणाला.

पुढे मी एक छोटी गाडी घेतली, पट्टे असलेली. वडील तिला डबी म्हणाले नाहीत. पुढे बसले की आधी पट्टा लावत. खटका बसल्याचा आवाज आला नाही तर काढून पुन्हा लावत.

भाची बारा-तेरा वर्षांची झाली तेव्हा एकदा सुट्टीत तिला आणायला आम्ही दोघे वडगावला गेलो. परत येताना ती मागे बसली होती. तिच्या आईने ते कात्रण जपून ठेवलं होतं आणि तिने ते नुकतंच वाचलं होतं. फाटा दिसू लागला तेव्हा ती पुढे वाकून म्हणाली, "आजोबा, दार अचानक उघडलं होतं ना? पेपरात आलंय."

मी आरशात तिच्याकडे पाहिलं. वडील सरळ रस्त्याकडे बघत होते.

"न्हाई बाळ," ते म्हणाले. "ते सात वर्सं उघडत हुतं. मला ठावं हुतं."

मी म्हणालो, "मलाही माहीत होतं."

 फाट्यावर मी गाडी थांबवली. दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा होता, तरी थोडा वेळ थांबलो. वडिलांचा डावा हात दारावर होता.