अर्नाळ्याच्या वाळूवर मी बोललेलं खोटं

गेल्या महिन्यात आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात परबवहिनींच्या नातीने माझी नक्कल केली. पदर खोचलेला, हात कमरेवर, आणि वाक्य: "तुमची सासू झोपली होती, आम्हाला काय विचारता?" लोक हसून हसून बेजार. मग मला पुढे बोलावून नारळ दिला. हे वाक्य मी चाळीसेक वर्षांपूर्वी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर खरोखर बोलले होते, आणि ते धडधडीत खोटं होतं. सोसायटीच्या ब्लॉगला जुन्या सहलींची वर्णनं हवी आहेत. माझ्याकडे ही एकच देण्यासारखी आहे.

ऐंशीच्या दशकातला जानेवारी. सोसायटीतल्या आम्ही अकरा जणी, नवरे आणि मुलं घरी ठेवून शनिवार-रविवार बाहेर जाणार होतो. अशी आमची पहिलीच सहल. घरोघरी जाऊन परवानग्या मी काढल्या. एका मैत्रिणीचे सासरे म्हणाले, "बायका बायका जाणार आणि काहीतरी तमाशा करून येणार." मी सांगितलं, "तमाशा झाला तर पुन्हा सहलीचं नाव काढणार नाही." हा शब्द मी अकरा जणींच्या वतीने दिला होता.

विरारहून अर्नाळ्याची एसटी तेव्हा अर्ध्या तासात पोचवायची. रस्ता केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमधून जातो, खिडकीची जागा धरा. उतरलो माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मावशीकडे. वाडीतलं घर, रहाटाची विहीर, ओटीवर अकरा सतरंज्या. मावशींनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली होती, वर सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. अकरातल्या एकीलाही वाढायला उठावं लागलं नाही. परबवहिनी पाटावर बसून म्हणाल्या, "लीलाताई, असां आयतां जेवूक मिळालां तर मी घराक जातलंयच नाय!"

रविवारी सकाळी होडीने समोरच्या बेटावरचा किल्ला बघायला गेलो. जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. आम्ही विचारली नाही. परतताना ओहोटीमुळे होडी अलीकडेच थांबली आणि आम्हाला कमरेएवढ्या पाण्यातून चालत किनारा गाठावा लागला. साड्या चिंब. पिशव्यांत कोरड्या साड्या होत्या, पण बदलायला आडोसा नाही.

किनाऱ्यावर बांबूच्या चौकटी उभ्या होत्या. त्यांच्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील सुकत घातले होते. शेजारी एक म्हातारी काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. मी विचारलं, "आजी, इथे दोन साड्या टाकू का? आडोसा करायचाय."

ती म्हणाली, "कडेच्या बांबूवर टाक गो बाय. दोरीवर नको. दोरीवर पोट हाय आमचं."

कडेच्या बांबूवर साडी टाकली, तर पुरेसा आडोसा होईना. मी दोरीवर टाकल्या. दोन नव्हे, सहा. नऊवारी धरून. परबवहिनी देवगडच्या, त्यांना मासळीतलं कळत होतं. त्या म्हणाल्या, "लीलाताई, वजन पडता हां त्येच्यार." मी म्हटलं, "पाच मिनिटांचं काम आहे." म्हातारी पलीकडच्या टोकाला कावळ्यांमागे गेली होती.

कपडे बदलले, डबे उघडले, जेवलो. तासभर साड्या तशाच. मग एकीने खसकन आपली साडी ओढली आणि बांबू आडवा झाला. तीन दोऱ्या ओल्या वाळूत. आम्ही साड्या गोळा करेपर्यंत कुत्री आली. म्हातारी धावत आली, पण कुत्री चार आणि काठी एक.

तेवढ्यात तिची सून डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपली खाली आदळून तिने विचारलं, "कोनी पाडलं?"

एसटीला पाऊण तास होता. मला ते सासरे दिसले, त्यांचं 'तमाशा' दिसलं. मी पदर खोचला आणि म्हटलं, "तुमची सासू झोपली होती, आम्हाला काय विचारता? कुत्र्यांनी पाडलं."

इंग्रजी शाळेत शिकलेली, पदवी घेतलेली, ऑफिसात पाच माणसांवर हुकूम चालवणारी बाई बोलली होती. सुनेने ते लगेच खरं मानलं. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. तिने खरं सांगितलं असतं, तर आपण परक्या बायकांना बांबू वापरू दिला, हेही तिला सांगावं लागलं असतं.

सुनेने तिच्या हातातली काठी हिसकावली. "डोळं मिटून बसायचं तर घरात बस. उद्यापासनं येऊ नको इथं."

परबवहिनी वाकून बोंबील वेचायला लागल्या होत्या. माझ्या कानाशी म्हणाल्या, "सगळ्यांनी मिळून धुवन देव या? अर्धे वाचतीत." मी म्हटलं, "एसटी चुकेल. उठा."

एसटीत एक जण म्हणाली, "काय तोंड आहे गं तुझं, लीला! झकास! मी तर तिथेच रडले असते." सगळ्या हसल्या. मीही हसले. खोटं मी घाबरून बोलले असं एक वेळ म्हणता येईल. हसण्याला ते कारण नाही.

घरी पोचलो तर ते सासरे गॅलरीत उभे होते. "आलात नीट?" म्हणाले. पुढच्या वर्षी माथेरान झालं, मग किहीम, मग केळवे. अर्नाळ्याचं नाव निघालं की मी म्हणायचे, "तिथे आता फार गर्दी असते." गोष्ट मात्र दर कोजागिरीला सांगितली जायची. सांगता सांगता तिच्यातून साड्या गळाल्या, मग म्हातारीही गळाली. उरलं फक्त माझं तोंड.

नारळ घेऊन घरी आले त्या दिवशी इथवरचा मजकूर हाताने लिहून काढला आणि गेल्या रविवारी अर्नाळ्याला गेले. आता रिक्षा थेट कोळीवाड्यात जाते. चौकशी करत तिसऱ्या घरी ती सून भेटली. हिराबाई. माझ्याएवढीच म्हातारी. सासू जाऊन खूप वर्षं झाली होती. मी पानं पुढे केली.

"मला कुठं वाचता येतंय? तूच वाच. मोठ्यानं."

ओटीवर बसून मी वाचलं. आतून दोन नातसुना येऊन उभ्या राहिल्या. 'उद्यापासनं येऊ नको' इथे मी थांबले. हिराबाई म्हणाल्या, "थांबू नको. वाच."

संपल्यावर त्या म्हणाल्या, "मरेपर्यंत तिला वाळूवर पाय ठेवू दिला नाय मी. सहा वरसं. रोज म्हनायची, मी झोपले नव्हते गो. मी म्हनायचे, शहरातली शिकलेली बाय खोटं कशाला बोलंल?"

मी हात जोडले. "माझ्यापुढं हात जोडून काय करतेस?" त्या म्हणाल्या. "तिचं ऐकलं नाय ते मीच." आणि हात पुढे केला. "कागद दे इकडं. पोरांना वाचायला द्यायचे हायत. घरात सगळे तिला झोपाळू म्हनतात अजून."

रविवारी दुपारी, अर्नाळा कोळीवाडा: माझ्या अक्षरातली पाच पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, शेवटी पूर्ण नाव आणि सही, हिराबाईंच्या हातात दिली. पोच मागितली नाही.