तंबू की पाटा

परवा लेकाने कॅम्पिंगचा ट्रेलर दारात लावून ताडपत्री झटकली. त्या कुबट वासासरशी मी केशवापूरच्या जुन्या घरी जाऊन पोचलो.

अप्पांनी जीपला जोडायला ट्रेलर आणला होता. कलघटगीच्या रानात मुक्काम. लग्न झाल्यापासून आई माहेराखेरीज प्रथमच कुठे राहायला निघालेली. अप्पा पडले किराणावाले. दुकानात जड पोती दाराशी ठेवायची सवय. तसंच ट्रेलरमध्येही सगळं जड सामान, तंबू आणि आईचा पाटासुद्धा, त्यांनी मागच्या फळीशी रचलं. ट्रेलर मागे कलला आणि जीपचं बूड एवढं उचललं गेलं, की पुढच्या दिव्यांना मुंग्यांची बिळं दिसली असणार! सामान पुढे सरकवायला तसूभर जागा नव्हती.

"पाटा उतरव," अप्पा म्हणाले. "रानात चटणी कशाला वाटतेस?"

"साकु, पुरे झालं!" रागावली की आई कानडीवर यायची. ती पायरीवर बसली. "पाटा नाही, तर मीही नाही. जावा तुमच्या तंबूला घेऊन."

अप्पांनी हत्तीएवढा तंबू एकट्याने ओढून ओसरीत टाकला. आई पदर खोचून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

तेव्हा वाटलं, अप्पा हरले. आता कळतं, त्यांना जायचं होतं ते आईला घेऊन. झोपायला काय, ट्रेलरखालीही जागा होती.