डिग्रीचा सत्यनारायण

आमच्या घरी सत्यनारायण घातला तो माझ्या डिग्रीसाठी, आणि मला डिग्री करायचीच नव्हती. एवढी एक गोष्ट सोडली तर पूजेची तयारी अगदी चोख होती.

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. पुण्यात एम.कॉम. केलं, बँकेत नोकरी केली, मग नवऱ्याला आइंडहोवनला नोकरी लागली म्हणून शेजारच्या बेस्ट नावाच्या डच गावात राहायला आलो आणि माझी बँक सुटली. पहिली काही वर्षं मुलीच्या मागे धावण्यात गेली. मग मुलगी मोठी झाली, मराठीत विचारलेल्या प्रश्नांना डचमध्ये उत्तरं द्यायला लागली, आणि दुपारच्या वेळी घरात मी आणि डिशवॉशर एवढेच उरलो. अशात शेजारच्या डच आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांची कुत्री म्हणजे एक लांबुडकी, आखूड पायांची, महाखवट म्हातारी. तिचे कान सारखे चिघळायचे आणि तिला जनावरांच्या दवाखान्यात न्यायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, मी नेते. मला कुत्र्यांची भीती वाटते हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

ही बया टेबलावर ठेवली की कुणाला अंगाला हात लावू देत नसे. दवाखान्यातल्या सगळ्यांना ती पुरून उरली होती. माझ्या हातात मात्र गप्प बसली. का, ते देव जाणे. मी घाबरून तिच्याशी मराठीत बडबडत होते, "उगी गं बाय माझी, झालंच हं आता," असं काहीबाही. डॉक्टरीणबाईंनी कान साफ करून औषध घातलं, तरी ती हूं की चूं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी मला दुसऱ्याच कुणाचं तरी मांजर धरायला बोलावलं. मग मी आठवड्यातून दोन सकाळी तिथे जायला लागले. पिंजरे धू, टॉवेलांच्या घड्या घाल, भूल उतरणाऱ्या कुत्र्याशेजारी बसून राहा. भीती कधी गेली ते कळलंच नाही. घरी येताना अंगाला औषधाचा नि ओल्या केसांचा वास यायचा आणि मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू!

एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तू हे रीतसर शीक ना. चार दिवस आमच्याकडे काम, एक दिवस शाळा, शेवटी डिप्लोमा. जनावरांची नर्स होशील. आमच्याकडे शिकाऊ एकच घेता येते, पण तुला हवी असेल तर जागा तुझी."

मी सायकलवरून घरी आले ती गाणं म्हणत. नवऱ्याला सांगितलं. तो मनापासून खूश झाला, आणि दुसऱ्या दिवशी डिग्री शोधून घेऊन आला.

"डिप्लोमा कशाला? डेन बॉशच्या कॉलेजात याच क्षेत्रातली डिग्री आहे. चार वर्षांची. तुझी पुण्याची डिग्री आहे, डचची परीक्षा झालीय, प्रवेश सहज मिळेल."

कॉलेजच्या ओपन डेला आम्ही सहकुटुंब गेलो. तिथल्या प्राध्यापकांनी सरळ आमच्या मुलीचा हात हातात घेतला आणि तिला कुठला प्राणी आवडतो ते विचारलं. मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. गोंधळ निस्तरल्यावर त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. प्राण्यांचं आरोग्य, कायदे, संशोधन, व्यवस्थापन. मुलं पुढे खाद्याच्या कंपन्यांत जातात, सरकारी खात्यांत जातात, मोठ्या दवाखान्यांचा कारभार बघतात. मी विचारलं, जनावराला हात कधी लागणार? ते प्रांजळपणे म्हणाले की तसं फारसं नाही, त्यासाठी डिप्लोमाच बरा. कोर्स चांगलाच होता हो. माझ्या मुलीला मी डोळे झाकून घातली असती त्यात.

"ऐकलंस ना?" परत येताना मी गाडीत म्हटलं.

"ऐकलं. पण तू हुशार आहेस. नर्सच्या वर जाऊ शकतेस."

"मला वर नाही जायचं. मला टेबलापाशी उभं राहायचंय."

"लोक काय म्हणतील हा प्रश्नच नाहीये," तो म्हणाला. म्हणजे प्रश्न नेमका तोच होता.

मी भांडले असते कडाकडा. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण त्याची दुखरी नस मला ठाऊक होती. दहावीला बेताचे मार्क पडले म्हणून त्याने तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला होता आणि मग इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला आला होता. बारावी करून आलेली मुलं अशांना नावाने हाक मारत नसत. "ए डिप्लोमा!" अशी हाक. हातात कसब याच्या, वर्कशॉपमध्ये सगळ्यांचे जॉब हाच पुरे करून द्यायचा, आणि तरी ए डिप्लोमा. इतकी वर्षं झाली, इथे त्याच्या ऑफिसात कुणाच्या ते गावीही नाही, तरी कॉलेजच्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप त्याने आवाज बंद करून ठेवलाय. आपल्या बायकोला कुणी तसं म्हणू नये एवढंच त्याच्या मनात होतं. प्रेमापोटीच चाललं होतं सगळं, आणि प्रेमाशी भांडणं फार अवघड. म्हणून मी डेन बॉशला अर्ज केला, आणि प्रवेश मिळालाही. कर्म माझं!

त्याच सुमारास सासूबाई पुण्याहून राहायला आल्या. मुलाने त्यांना फोनवर कॉलेज, प्राणी, आरोग्य असं सगळं सांगितलं होतं. 'डॉक्टर नव्हे' हे त्याने अडखळत सांगितलं असणार आणि त्यांनी ते ऐकून सोडून दिलं असणार, कारण विमानात बसण्याआधी त्यांनी अख्ख्या कोथरूडला सांगून टाकलं की सून डॉक्टर होतेय. नणंदेने लगेच मांजरीचा फोटो पाठवला, "वहिनी, हिला शिंका येतायत, काय देऊ?" आणि सासूबाईंनी आल्याआल्या जाहीर केलं की या वयात डिग्रीला प्रवेश म्हणजे देवाची कृपा, सत्यनारायण झालाच पाहिजे. रविवार ठरला. सोमवारी सकाळी मला दवाखान्यात हो किंवा नाही सांगायचं होतं. नाही म्हटलं की ती जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

केळीचे खांब मिळाले नाहीत म्हणून चौरंगाला बागेतले बांबू बांधले. गुरुजी पुण्याहून टॅबलेटवर आले. कथा झाली, आरती झाली, गुरुजी दक्षिणेची आठवण करून देऊन अंतर्धान पावले. बेस्टमधली ओळखीची मराठी घरं आली होती, शेजारचे आजोबा काठी टेकत आले होते, आणि त्यांच्यामागून ती लांबुडकी. आल्या आल्या सासूबाईंनी तिला "हो तिकडे भवाने, पूजा आहे" म्हणून बागेच्या दाराशी बसवली होती. पण मनातून त्यांना तिचा लळा लागला होता. रोज सकाळी दोघी म्हाताऱ्या उन्हात शेजारी शेजारी बसायच्या, हे मी बघत होते.

सगळे माझं अभिनंदन करत होते. मी तोंडभर हसत होते आणि आतून रडवेली झाले होते. एवढ्यात माझं लक्ष बागेच्या दाराकडे गेलं. कुत्री एक द्रोण चाटूनपुसून साफ करत होती.

"आई, हिला काय दिलंत?"

"प्रसाद दिला गं. प्रसादाला कुणाला नाही म्हणू नये. जरा जास्तच दिला, म्हातारी आहे बिचारी."

सासूबाईंचा शिरा म्हणजे रव्याइतकेच बेदाणे. आणि दवाखान्यात बाहेरच्या भिंतीवर हे मोठं चित्र आहे, जे पुसायचं काम माझ्याकडे असल्याने मला पाठ आहे: कुत्र्याला कांदा नाही, चॉकलेट नाही, मनुका-बेदाणे अजिबात नाहीत. मूत्रपिंडं निकामी होतात.

मी फोन लावला. त्या रविवारी तातडीची पाळी आमच्याच दवाखान्याची होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताबडतोब आण, घरी काही उपाय करू नका.

"मिठाचं पाणी पाजू या का? उलटी होईल," नवरा म्हणाला.

"काहीही पाजायचं नाही! गाडी काढ!" मी सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडले. मुलीला म्हटलं, सगळ्यांना जेवायला वाढ. आजोबांना पुढच्या सीटवर बसवलं, मी कुत्रीला उचलून मागे बसले, आणि सासूबाई नऊवारीनिशी माझ्याशेजारी. "माझ्या हातून काय झालं हे, देवा," एवढंच त्या म्हणत होत्या. आजोबा मागे वळून त्यांचा हात थोपटत होते. भाषा दोघांची वेगळी, पण तेवढ्यापुरतं चाललं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई एकट्याच होत्या. त्यांची नर्स यायला वेळ होता. "तू धर," त्या मला म्हणाल्या. मी पैठणीचा पदर खोचला आणि धरलं. एक हात छातीखाली, एक मानेमागे, आवळायचं नाही आणि सोडायचंही नाही. उलटीचं इंजेक्शन दिलं. ती थरथरत होती. मी तिच्या कानाशी बोलत राहिले. मग ओकली, माझ्या पदरावरच, आणि बेदाणे जसेच्या तसे टपटप बाहेर पडले. इतकी सुंदर ओकारी मी आयुष्यात बघितली नाही! पुढे पायातून रक्त घ्यायचं होतं. मी पाय पुढे करून शीर अंगठ्याने दाबून धरली, डॉक्टरीणबाईंना पहिल्याच टोचणीत मिळाली. कोळशाचं काळं औषध पाजलं, सलाईन लावलं. मान वर केली तेव्हा दारात नवरा उभा होता. मला तिथे काम करताना त्याने कधी बघितलंच नव्हतं.

"वेळेवर आणलं. रात्रभर इथेच ठेवू," डॉक्टरीणबाई आजोबांना म्हणाल्या. आजोबा खुर्चीत बसून रडले, मग मीही रडले.

घरी परत आलो तेव्हा पाहुणे जेवून गेले होते. मुलीने पानं वाढून, सगळ्यांना विडा देऊन निरोप दिला होता, शहाणी गं बाई ती. नवरा सिंकपाशी उभा राहून शिऱ्याचं पातेलं घासायला लागला.

सासूबाई जमिनीवर चौरंगापाशी टेकल्या. "ती डॉक्टरीण सुई घेऊन उभी होती," त्या म्हणाल्या, "पण कुत्री सगळा वेळ हिच्याच तोंडाकडे बघत होती. डिग्री झाली की तू हेच करणार ना गं?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "नाही, आई. डिग्रीवाले हे नाही करत. याचा डिप्लोमा असतो. नर्स म्हणतात त्यांना. मला तोच करायचाय."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो पाठमोरा होता. पातेलं केव्हाच चकचकीत झालं होतं तरी तो घासत होता.

"उद्या किती वाजता जायचंय तुला?" त्याने विचारलं.

"नऊला," मी म्हटलं. "हो म्हणायला जातेय मी. सांगून ठेवते."

"हं," तो म्हणाला. त्या घरात मला इतका मोठा होकार कधी मिळाला नव्हता.

सकाळी आजोबांनी कुंपणावरून सांगितलं की दवाखान्यातून फोन होता, म्हातारीने न्याहारी केली आणि कुणावर तरी गुरकावलीसुद्धा. मी सायकल बाहेर काढली, तर नवरा इस्त्रीचा शर्ट घालून, गाडीची किल्ली घेऊन दारात. ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं होतं त्याने.

"तू कशाला? मी काय लहान आहे?"

"असू दे." बूट घालायला खाली वाकून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "माझ्या डिप्लोमाच्या ॲडमिशनला घरचं कुणी आलं नव्हतं. दादाच्या डिग्रीच्या वेळी सगळे गेले होते. पेढे घेऊन. मला बाबा म्हणाले, डिप्लोमाला काय यायचंय, जा तुझा तू. एसटीने गेलो एकटा."

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मी सायकल भिंतीला लावून ठेवली.

सासूबाई आत चहा घेत होत्या. त्यांना ऐकू गेलं असेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. पण आम्ही गाडीपर्यंत पोचतो तोच त्या बाहेर आल्या. अंगावर ठेवणीतली साडी, तिच्यावर माझा हिवाळ्यातला जाड कोट, पायात नातीचे बूट.

"आई, तू कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"हिच्या ॲडमिशनला," त्या म्हणाल्या. मग गाडीचं दार उघडलं. "तेव्हाही यायला हवं होतं रे मी. तुझ्या बाबांपुढे बोलले नाही."

त्या मागच्या सीटवर बसल्या. मी पुढे बसले. नवऱ्याने गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून तो नुसता समोर बघत राहिला. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"बेल्ट लाव, आई," शेवटी तो म्हणाला.