लोणावळ्याच्या समुद्रातलं जस्त

आंबीच्या एमआयडीसीत पाणी तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे, तिथे मी केमिस्ट आहे. कारखान्यांचं सांडपाणी, सोसायट्यांच्या बोअरचं पाणी, शेततळ्याचं पाणी, असं सगळं आमच्याकडे बाटल्यांतून येतं. आठवड्यातले सहा दिवस मी बाटल्यांमध्ये असायचे आणि सातव्या दिवशी घरच्यांना बाटल्यांबद्दल सांगायचे.

आमचं घर परंदवडीला. वडील कंपनीतून निवृत्त झालेले, आई घर आणि थोडीशी शेती बघणारी. माझी तिशी उलटली होती. लग्नासाठी तीन-चार मुलं पाहून गेली, पण पुढे काही झालं नाही, आणि त्याचं खापर मुलांवर फोडण्याची सोय मी ठेवली नव्हती. एकाला चहाचा कप देता देता मी सांगितलं होतं, तुमच्या दातांवर जे पिवळे डाग दिसतात ते फ्लोराइडचे असणार, घरी बोअरचं पाणी आहे का? मुलाने तोंड मिटलं ते जाईपर्यंत उघडलं नाही. त्यानंतर आईने पाहण्याचे कार्यक्रम बंद केले. मी हा माझा विजय समजले.

अशात लोणावळ्याच्या मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, तिथल्या दवाखान्यात नोकरीला. तिच्या ओळखीच्या एका घरात मुलाने समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवली होती. नुसते मासे नाहीत, जिवंत प्रवाळही. ते प्रवाळ, म्हणजे कोरल, हळूहळू फिकं पडून मरत होतं आणि कारण सापडत नव्हतं.

"पानी तपासायला हितं कुनी न्हाई," मावशी म्हणाली. "तू बाटल्या घिऊन ये. आन् जरा बरा ड्रेस घाल, चांगली मानसं हायत."

मी बरा ड्रेस घातला आणि त्यावर घालायला पिशवीत अ‍ॅप्रन टाकला.

तो पावसाळ्यातला रविवार होता. भुशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर धरण पाहायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग लागलेली. आमची रिक्षा तिच्यात अडकली, तेव्हा मावशी आणि मी उतरून चालत गेलो. दारातच मावशीने आणि त्या घरच्या आईंनी एकमेकींना जय भीम केला, हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मी तोवर अ‍ॅप्रनची बटणं लावत होते.

घरात भरपूर माणसं होती. मुलाची आई, मोठी बहीण, तिचे यजमान आणि कामशेतहून आलेले मामा. सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे. पोहे आले, शंकरपाळी आली, चहा आला. आमच्या कामात गिऱ्हाईक गेटवर उभं राहून बाटली हातात देतं आणि निघून जातं. मला वाटलं, पाण्याबद्दल इतकी आस्था असलेलं कुटुंब मावळात दुसरं नसेल.

मुलगा सगळ्यांत शेवटी आला, बाह्या वर करून, कोपरापर्यंत ओला, खांद्यावर टॉवेल. रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. त्याने मला मॅडम म्हटलं आणि सरळ टाकीकडे नेलं. निळ्या उजेडातली ती टाकी बघायला मी काचेजवळ वाकले. मी समुद्र पाहिला होता तो अलिबागला, तोही ओहोटीचा. इथे काचेमागे फांद्या होत्या, झालरी होत्या, बोटांसारखं काहीतरी पाण्याबरोबर हलत होतं. बऱ्याच फांद्यांची टोकं मात्र चुन्यासारखी पांढरी पडली होती.

त्याने समजावून सांगितलं. बाजारात मिळणारं खास मीठ शुद्ध पाण्यात मिसळून हा समुद्र तयार करतात. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्याबरोबर आयोडीन, जस्त, तांबं अशी मूलद्रव्यं अगदी नखभर लागतात. नसली तरी कोरल मरतं, जरा जास्त झाली तरी मरतं. बाजारातल्या किटने कॅल्शियम कळतं, ही बारीक मूलद्रव्यं कळत नाहीत.

हे सगळं मला माहीतच आहे अशा चेहऱ्याने मी ऐकलं. मग बाहेर येऊन मी तेच सगळ्या घराला पुन्हा सांगितलं, वर स्ट्रॉन्शियमची भर घालून. माझ्यासमोर एवढे श्रोते कधी बसले नव्हते. मध्येच मुलाच्या बहिणीने विचारलं, स्वयंपाकाची आवड आहे का? मी म्हटलं, लॅबमध्ये खाण्यापिण्याला सक्त मनाई असते. मामांनी विचारलं, पुढेही नोकरी करायचा विचार आहे ना? मी म्हटलं, मी नसले तर मशीन कोण चालवणार? मावशीने कपाळाला हात लावला. तिचं डोकं दुखत असेल असं मला वाटलं.

शेवटी मी हातमोजे चढवले, बाटली टाकीच्याच पाण्याने विसळून घेतली आणि नमुना भरला.

संध्याकाळी घरी पोचले तर आई दारातच उभी. कसं वाटलं, म्हणून विचारलं.

"वरून तर चांगलं दिसतंय," मी म्हटलं. "पण आत काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

"व्हय, चौकशी तर केलीच पायजे," आई खूश होऊन म्हणाली. "आन् बोलला का तुझ्याशी?"

"कोण?"

वडिलांनी टीव्ही बंद केला. आई वडिलांकडे बघायला लागली, वडील बंद टीव्हीकडे. मग आईने खरं काय ते सांगितलं. तो पाहण्याचा कार्यक्रम होता. आधी सांगितलं तर मी दातांबद्दल बोलेन, म्हणून दोन्ही घरांनी मिळून ठरवलं होतं की सांगायचंच नाही. मी आत जाऊन अंथरुणावर पडले आणि अ‍ॅप्रनपासून स्ट्रॉन्शियमपर्यंत एकेक गोष्ट मला क्रमाने आठवत गेली.

सोमवारी तो राग मी मशीनवर काढला. आमच्या मशीनमध्ये पाण्याचा बारीक फवारा करून तो प्रचंड तापलेल्या ज्योतीत सोडतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं आणि त्यावरून ते किती आहे हे मशीन सांगतं. समुद्राचं पाणी कितीतरी खारट, ते आधी शुद्ध पाणी घालून पातळ करावं लागतं. हे मी नव्या मुलींना शिकवते. त्या दिवशी मी ते जसंच्या तसं मशीनला पाजलं. फवाऱ्याच्या नळीत मीठ साचलं, ज्योत विझली आणि अख्खा दिवस नळी साफ करण्यात गेला. आमच्या लॅबचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, ते मागे येऊन उभे राहिले. हे पाणी नक्की कशासाठी तपासतोय, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मी म्हटलं, ओळखीचं आहे. त्यांनी नळी साफ करायचा ब्रश माझ्या हातात दिला, हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पाणी पातळ करून पुन्हा लावलं. बाकी सगळं साधारण जागेवर होतं, फक्त जस्त असायला हवं त्याच्या कितीतरी पट. मी घाईघाईने रिपोर्ट काढला, सही केली आणि पाठवून दिला. तासाभरात त्याचा फोन आला.

"मॅडम, रिपोर्ट मिळाला," तो म्हणाला. "पण हे पाणी आम्ही पीत नाही."

मी कागद काढून पाहिला. रिपोर्टचा साचा पिण्याच्या पाण्याचा होता. खाली जाड अक्षरांत छापलं होतं: पिण्यास अयोग्य. त्याखाली माझी सही. मी माफी मागितली. तो म्हणाला, असू दे, जस्ताचं कळलं हे महत्त्वाचं. एवढ्यावर फोन ठेवता आला असता, पण मला राहवलं नाही.

"त्या रविवारी तुम्हाला माहीत होतं का?"

"काय?"

"तो पाहण्याचा कार्यक्रम होता."

"कोणाचा?"

"आपला."

पलीकडे पंपाची घरघर ऐकू येत राहिली. मग तो हळूच म्हणाला, "तरीच मामा आले होते. मला वाटलं, त्यांना मासे बघायचेत."

मग त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं की त्याच्या डोक्यात लग्नाचा विचार नाही. मी म्हटलं, माझ्याही नाही. अगदी मोकळेपणाने बोललो आम्ही. फोन ठेवल्यावर मात्र मला या माणसाचा दिवसभर राग येत राहिला. माझ्या डोक्यात विचार नसणं वेगळं, त्याच्या डोक्यात नसणं वेगळं.

जस्त मात्र मला सोडेना. पुढच्या सुटीला मी एकटीच लोणावळ्याला गेले, घरी ऑफिसचं काम म्हणून सांगून. आईने खोटं ओळखलं आणि डब्यात चार लाडू जास्त दिले.

तिथे मी फौजदारासारखी एकेका वस्तूवर आरोप ठेवत सुटले. आधी पंपाचा स्क्रू, मग फिल्टरच्या नळीचं पितळी बूच, मग मिठाचं पोतं. शेवटी मी त्याच्या आईंना विचारलं की हातातल्या बांगड्या काढून टाकीत हात घालता का. त्यांनी आपण टाकीत हातच घालत नाही असं सांगितलं आणि मला पुन्हा पोहे दिले. त्याने मी म्हणेन ते सगळं बदललं. नळाचं, फिल्टरचं, नव्याने कालवलेल्या मिठाचं, सगळी पाणी मी तपासली, ती स्वच्छ निघाली. टाकीतलं जस्त तसंच.

या टाकीचा एक भाग मागच्या पडवीत होता. मोठ्या टाकीतलं पाणी भिंतीतल्या भोकातून तिथल्या छोट्या उघड्या टाकीत यायचं, गाळलं जायचं आणि परत जायचं. पडवीवर पत्रा होता. दुसऱ्या खेपेला तो ठिबकत होता, म्हणून मी छत्री उघडून, छत्रीखाली बसून नमुना घेतला होता. तिसऱ्या खेपेला छत्री विसरले. मी वाकले तसा एक थेंब थेट मानेवरून पाठीत गेला.

मी वैतागून म्हटलं, तुमचा पत्रा गळतो, आधी तो दुरुस्त करा. तो म्हणाला, "गळेल कसा? दोन दिवस पाऊसच नाही."

आम्ही दोघांनी वर पाहिलं. पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंबांची दाटी झाली होती आणि मध्ये मध्ये पांढरट भुकटीचे डाग होते. टाकीचं पाणी सतत कोमट ठेवलेलं, बाहेर लोणावळ्याची थंड हवा. वाफ वर जायची, गार पत्र्याला लागून तिचं पाणी व्हायचं. पाण्याचे खारट शिंतोडेही उडायचे, आणि पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा खात ते पाणी थेंबाथेंबाने खालच्या टाकीत पडायचं. त्याला हे वर बघताक्षणी कळलं होतं. तरी मी त्याला ते सगळं सविस्तर समजावलं आणि त्याने ऐकून घेतलं. थेंब बाटलीत धरून नेले. मशीनने जस्ताचा असा आकडा दाखवला की मी एकटीच लॅबमध्ये हसले. दोन खेपा मी त्या पत्र्याखाली बसले होते, एकदा तर छत्री धरून पुरावा अडवला होता.

त्याने छोट्या टाकीवर प्लास्टिकचं तिरकं झाकण बसवलं, थोडं थोडं करून पाणी बदललं. दिवाळीपर्यंत जस्त उतरलं आणि फांद्यांच्या टोकांना पुन्हा जांभळा रंग यायला लागला. काम संपलं. पण पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा नमुना पाठवला, त्याच्या पुढच्या महिन्यात स्वतःच बाटली घेऊन आंबीला आला, आणि मग दर महिन्याला यायला लागला. रिपोर्ट दर वेळी चांगला. आई आणि मावशी या काळात काहीच विचारत नव्हत्या, आणि हे गप्प राहणं त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं.

एकदा बाटली टेबलावर ठेवून तो म्हणाला, "पाण्यात आता काही दोष नाही. तरी मी दर महिन्याला येतो. तुमच्या लक्षात आलंय का?"

"हो, मी सांगणारच होते," मी म्हटलं. "दर महिन्याला गरज नाही. तीन महिन्यांनी तपासलं तरी चालेल."

त्याने मान डोलावली, बरं म्हणाला आणि गेला. मी बाटलीवर लेबल लावलं. पलीकडच्या टेबलावर सर हिशेब बघत होते. त्यांनी चष्मा काढला.

"अगं, त्याला परत बोलाव," ते म्हणाले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हातमोज्यांसकट गेटपर्यंत पळत गेले. तो रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभा होता. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, म्हणून धापा टाकत म्हटलं, "दर महिन्याला चालेल." त्याने विचारलं की लग्नाबद्दल घरी त्याने सांगायचं की मी. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर गोंधळ होईल.

लग्न आमच्या गावच्या विहारात झालं. आता मी लोणावळ्याहून आंबीला जाऊन-येऊन करते. तो ड्यूटीवर असला की टाकीचं खाणं-पिणं माझ्याकडे असतं, आणि त्यातला एक बोटभर नारंगी मासा मी हात घातला की चावतो. त्याला मुळीच चावत नाही.

यंदा हिरव्या झालरीचं एक कोरल पुन्हा मिटून बसलंय. मी पाणी दोनदा तपासलं, झाकण पाहिलं, पंप पाहिला, सगळं बरोबर आहे. नवरा म्हणतो, थांबू या थोडं. सकाळी कामावर निघण्याआधी मी काचेला नाक लावून उभी राहते. सासूबाई डबा हातात देतात आणि विचारतात, आज कसंय? मी सांगते, कालच्यापेक्षा जरा उघडलंय वाटतं. मग त्याही माझ्या शेजारी येऊन वाकून बघतात, आणि माझी गाडी चुकते.