काकाजींची धांड्यांची रांग

देशाचं पुढं काय होणार हे आमच्या काकाजींइतकं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यासाठी मक्याच्या एका वाळक्या धांड्याशिवाय कशाचीही गरज न लागणारा माणूस तर पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसावा. काकाजी म्हणजे माझे घरमालक. दारव्ह्याजवळच्या त्या गावात मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा ट्रंक खाली ठेवायच्या आत त्यांनी मला गोठ्यात नेलं. तिथं भिंतीला टेकून धांडे रांगेत उभे होते. कणीस मोडून नेल्यावर शेतात जो दांडा उरतो तो, दर हंगामाचा एक. आमचा जिल्हा नागपूरच्या सरकारातून मुंबईच्या सरकारात गेला त्या वर्षी पहिला धांडा उभा राहिला, आणि पुढं महाराष्ट्र झाला तरी रांगेत खंड नव्हता. साल ओळखू यावं म्हणून प्रत्येकाला काकूंच्या त्या त्या वर्षी फाटलेल्या लुगड्याची चिंधी. "दाने त सरकार मोजते गुर्जी," काकाजी म्हणाले, "पन मांगं काय उरलं थे कोन पाह्यते? देश पाहाचा त उरल्यासुरल्यात पाहा."

सगळा मुलूख कापूस आणि ज्वारी पेरायचा, काकाजी मका. तोही विहिरीकडेच्या पट्टीत, इतकासा की त्यात शिरलेली कोंबडी रस्त्यावरून ओळखू यावी. पण तेवढ्यावरून ते साऱ्या हिंदुस्थानचा निकाल देत. धांडा अंगठ्यानं दाबायचा, कानाशी धरून टिचकी मारायची, शेवटी सोलून चघळायचा, आणि डोळे मिटून सांगायचं, "यंदा देश आतून पोकळ होऊन राह्यला." पाहुण्यालाही चहाच्या आधी धांडा चघळावा लागे; दात नसलेले पाहुणे हळूहळू यायचे बंद झाले. पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले, तर मुलाची शेती, शिक्षण काही न विचारता त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मका निंघाल्यावर धांड्याचं काय करता?" मुलाचे वडील भोळेपणानं "जाळून टाकतो" म्हणाले, आणि काकाजी सुपारीला हात न लावता उठले. एकदा दारव्ह्याच्या बाजाराला धांडा घेऊन निघाले. एस.टी.त तो आडवा मावेना, उभा धरला तर टपाला टेके. कंडक्टर वैतागून म्हणाला, याचं अर्धं तिकीट काढा. काकाजींनी त्याला शांतपणे समजावलं, "बाप्पा, हा यंदाच जलमला. एका वर्साच्या लेकराचं तिकीट कायले?"

त्यांचा दुसरा जीव म्हणजे चांद्या, कपाळावर पांढरा चांद असलेला म्हातारा बैल. पहिल्या धांड्याच्या वर्षीच तो घरात आला होता. पोळ्याच्या दिवशी बैलाला कामाला लावायचं नाही हे सगळेच पाळत; काकाजींच्या घरी त्या दिवशी बैलाला 'हट' म्हणायचीसुद्धा बंदी होती. "वर्षभर थो आपलं आयकते. एक दिवस आपन त्याचं आयकाचं." शेजारच्या एका पाटलांच्या तोंडून चुकून 'हट' निघालं, तर काकाजींनी त्यांना सगळ्या आळीदेखत चांद्यासमोर कान धरायला लावले होते.

कितीतरी वर्षं काकाजींची एकच इच्छा होती, की कुणीतरी मोठ्या माणसानं ही रांग एकदा नीट पाहावी. गावात लोक त्यांना हसत आणि ते त्यांना कळत होतं. अखेर तालुक्याचे शेतकी साहेब यायला कबूल झाले, पण सुट्टी पाहून, म्हणजे नेमके पोळ्याला. काकाजींना आदल्या रात्री झोप नव्हती. जुने धांडे धुरकट दिसतात म्हणून त्यांनी ते गुळाच्या पाण्यानं पुसून चकचकीत केले. फक्त गेल्या साली सरकारी बियाण्याचा आलेला धांडा अजून सतेज होता, त्याला हात लावला नाही.

साहेब आले. काकाजी धोतर सावरत "हा पाहा मुंबई सरकारचा" म्हणतात न म्हणतात तोच झूल पांघरलेला, शिंगं रंगवलेला चांद्या आरामात आत आला आणि त्यानं नेमका तोच पहिला धांडा तोंडात घेतला. मी पुढं झालो, तर काकाजींनी माझं मनगट घट्ट पकडलं. त्यांचे ओठ 'ह'पर्यंत आले आणि मिटले. चांद्या एकेक साल सावकाश चावत होता आणि काकाजी हात जोडून उभे होते. साहेब तोंडाला रुमाल लावून हसत होते. फक्त शेवटचा, सरकारी धांडा चांद्यानं हुंगला आणि सोडून दिला.

"लिवून घ्या साहेब," काकाजी म्हणाले, "नवा धांडा बेचव आहे."

"अहो, पोट भरलं असेल त्याचं," साहेब म्हणाले. तेवढ्यात चांद्या वळला आणि त्यानं काकूंनी साहेबांसाठी वाढून आणलेलं पुरणपोळीचं अख्खं ताट साफ केलं. काकू माझ्या कानाशी कुजबुजल्या, "गुर्जी, नव्याले गूळ लावलाच नवता. बोलू नका बरं." मी हळूच होकार दिला. साहेबही मान डोलावून गंभीरपणे निघून गेले, आणि काकाजींना ते पुरलं.

दुपारी मात्र त्यांना गोठ्यात बसून चिंध्या गोळा करताना मी पाहिलं. डोळे भरले होते. "सारे सालं गेले अजी," काकू म्हणाल्या. "जाऊ दे वो," काकाजी म्हणाले, "त्याचेबी होतेच थे. नांगर त त्यानंच ओढला." मला त्या क्षणी त्या विक्षिप्त माणसाची फार माया वाटली.

दसऱ्याच्या आतच चांद्या गेला. मग मका निघाला आणि काकाजींनी नव्या रांगेचा पहिला धांडा गोठ्यात नेला. काकूंनी नवी चिंधी फाडून दिली. मी दारात उभा होतो. या वेळी त्यांनी धांडा भिंतीशी उभा केला नाही. तो गुळाच्या पाण्यानं पुसला आणि रिकाम्या दावणीला आडवा बांधला, चांद्याच्या तोंडाला सहज पोचेल इतक्या खाली.