पगारे साहेबांची शेवटची फेक

पगारे साहेब सातपूरच्या आमच्या कारखान्यात शिरत, ते उजव्या काखेत एक लंबगोल चेंडू दाबूनच. समोरून कोणी 'जयभीम, साहेब' म्हटले, तरी हात सुटत नसे. उत्तर मानेनेच मिळे. "चेंडू सवयीने सांभाळायचा असतो, आठवणीने नाही," हे त्यांचे स्पष्टीकरण.

गेल्या महिन्यात त्यांच्या शोकसभेत दोन भाषणे झाली. एका वक्त्याने सांगितले, "साहेबांनी शेवटी उगाच चेंडू फेकला, म्हणून आपण हरलो." दुसरा म्हणाला, "कुलकर्णीने सामना मुद्दाम घालवला." हे दोघेही त्या दिवशी मैदानावर नव्हते. मी होतो, आणि साहेबांच्या हाती चेंडू देण्याचे काम माझेच होते. तेव्हा खरे काय ते मी सांगतो.

नव्वदच्या दशकात कंपनीने साहेबांना यंत्राच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेत पाठवले. ते तिथला फुटबॉल घेऊन परतले. त्यात चेंडू हातात धरून पलीकडच्या रेषेपार पळायचे, किंवा पुढे धावणाऱ्या साथीदाराकडे फेकायचा. समोरचे आपल्याला पाडतात. आम्ही सारे कबड्डीवाले, त्यामुळे पळणे आमच्या रक्तातले. सुरगाण्याचा तुकाराम गावित तर 'कबड्डी कबड्डी' म्हणतच पळे. पाडला, की चेंडू सोडून रेषेकडे हात लांबवी.

"गावित, हात काय पोचवतोस? चेंडू पोचव!"

"साहेब, हात लागला ना? मंग मी आउट नाय!"

झेल घ्यायला क्रिकेटवाले आणले. त्यांतला सर्वोत्तम म्हणजे हिशेब खात्यातला कुलकर्णी, कारखान्याच्या क्रिकेट संघाचा कप्तान. एक गट ओरडे "पळवा", दुसरा "फेका". साहेब दोघांनाही झापत. "नुसते पळालात, तर ते सगळे पुढे दाटी करतील. नुसते फेकलेत, तर मागे जाऊन उभे राहतील. आधी पळून त्यांची खात्री पटवा. मग फेका!"

प्रतिस्पर्धी म्हणून एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले कबड्डीवाले साहेबांनीच शिकवून तयार केले. "भांडायला तरी कोणी हवं ना!"

पुढे रविवारच्या मैदानावरून क्रिकेटवाल्यांशी वाद झाला. व्यवस्थापकांनी अट घातली: एकलहऱ्याला हरवलेत तर मैदान तुमचे, नाहीतर क्रिकेटचे.

त्या दुपारभर गावित पळत राहिला. अखेरची संधी आली, तेव्हा आम्ही थोडक्यात मागे होतो. मी चेंडू दिला. साहेबांनी तो गावितला दिल्यासारखे केले, आणि गावित रिकामे हात पोटाशी धरून असा 'कबड्डी' घुमवत सुटला, की एकलहऱ्याचा अख्खा संघ त्याच्यावर कोसळला. पुढे कुलकर्णी एकटा. साहेबांनी चेंडू फेकला. ती फेक चुकीची म्हणणाऱ्याने इतका मोकळा माणूस मला कुठल्याही सामन्यात दाखवावा.

कुलकर्णीने सुरेख झेल घेतला. आणि जन्मभराच्या सवयीने, रेषा दोन हातांवर असताना, आनंदाने चेंडू आभाळात उडवला! तो जमिनीवर पडताच, गावितवरून उठून धावत आलेला एकलहऱ्याचा एक गडी त्यावर आडवा झाला आणि चेंडू त्यांचा झाला. सामना संपला.

मैदान कुलकर्णीच्याच पक्षाला मिळाले होते. तरी तो तिथेच तोंड झाकून बसला. मुद्दाम घालवणारा माणूस असा बसत नाही. साहेब जवळ गेले. मला वाटले, आता कानाखाली बसते.

"ऊठ रे. झेल उत्तम होता. फक्त मॅच चालू होती."

गावित आधी हसला, मग आम्ही सगळे. शेवटी कुलकर्णीही.

पुढच्या रविवारी सकाळी कुलकर्णी साहेबांच्या दारात उभा राहिला. मीही तिथे होतो.

"साहेब, मैदान आमचं झालंय. पण दुपारी चारनंतर आम्ही उठतो. चारनंतर तुम्ही खेळा."

कोणीही आभार मानले असते. साहेब म्हणाले, "तीन. फेकायचंच असतं तर चार चाललं असतं. पळायला वेळ लागतो."

कुलकर्णीने तीन वाजता मैदान दिले, आणि झेल शिकवायला स्वतः थांबू लागला. हल्ली काही जण चार सांगतात. चार नव्हे, तीन.